लिलावातली पांढरी जीप

आमच्या घरातल्या प्रत्येक कागदाला माझा फोन नंबर जोडलेला आहे. वडगावला आईच्या दारात गॅसची टाकी उतरली की निरोप शिरूरला माझ्या फोनवर येतो. आप्पांचं पेन्शन जमा झालं, विहिरीच्या मोटारीचं बिल निघालं, आईच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख पडली, सगळं आधी मला कळतं. आप्पांकडं बटणांचा फोन, आईकडं तोही नाही, आणि धाकटा भाऊ दौंडला रेल्वेत नोकरीला असूनही कुठं फॉर्म भरायचा म्हटलं की 'आक्काचा नंबर टाका, ती बघती' म्हणून मोकळा. मला याचा त्रास कधी वाटला नाही. खरं सांगायचं तर मी त्यात मिरवायचे. घर माझ्यावाचून हलत नाही, असा माझा समज होता.

आप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते निवृत्त झाले त्याच सुमारास कारखान्यानं शेतकी विभागाच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या. त्यातली एक जीप आप्पांनी उचलली. ट्रॅक्टरमागं बांधून ती वडगाव रासाईच्या आमच्या शेडमध्ये आणली, तेव्हा तिच्या तळाच्या पत्र्यातून खालची जमीन दिसत होती. आईनं पदर तोंडाला लावून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "गाई इकल्या तवा वाटलं, आता शेडातली घाण तरी सरली." आप्पांनी ते ऐकलंच नाही. ते आधीच गाडीखाली शिरले होते.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूत खोट काढायचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, कंपनीनं माणूस अगदी पारखून घेतलंय. तर अशा मला, बापानं जीप आणली आणि एकटाच खाली शिरला, हे बघवेना. पहिल्याच सुट्टीला मी स्कूटीवर वडगावला गेले, साडीवर आप्पांचा कारखान्यातला जुना शर्ट चढवला आणि पाने घेऊन बसले. पुढच्या सुट्टीपासून साडीची भानगडच ठेवली नाही, सलवार-कमीज घालून जाऊ लागले.

आमच्या भागात जीपवाल्यांची एक टोळी आहे. शिरूर, न्हावरा, केडगाव, दौंड असे विखुरलेले लोक. कुणी शेतकरी, कुणी कंपनीतला, एकजण मास्तर. सगळ्यांच्या दारात एकेक जुनी जीप, आणि प्रत्येकाला ती उंच, रुंद, आवाजी करायची हौस. आता अशी गाडी आरटीओच्या पासिंगला नेली तर साहेब गेटातूनच परत पाठवेल. म्हणून टोळीनं एक सोय केली होती. साधी चाकं, साधा बंपर, साधा सायलेन्सर असा कंपनी फिटिंगचा एक संच सगळ्यांत मिळून ठेवलेला. ज्याच्या गाडीचं पासिंग असेल त्याच्याकडं तो संच पिकअपमधून जायचा. गाडी आदल्या दिवशी साधीभोळी व्हायची, पास व्हायची आणि घरी आली की पुन्हा तिचे मूळ रंग. त्या संचाला सगळे 'नवरदेवाचे कपडे' म्हणायचे.

आप्पांना ते पटायचं नाही. टोळीतल्या मास्तरांनी आपण होऊन संच देऊ केला, तर आप्पा म्हणाले, "पासिंगला एक आन् रस्त्याला एक, असली गाडी मला नगं. हाय तशी न्हेणार आन् हाय तशी पास करून आणणार." मास्तर हसले. मला मात्र बापाचा असा अभिमान वाटला की त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला ते वाक्य तीनदा ऐकवलं.

त्या एका वाक्यानं काम दुप्पट झालं. कुठलीही गोष्ट करायच्या आधी आरटीओत जाऊन विचारायची. आप्पांना मनापासून मिलिटरीचा हिरवा रंग हवा होता. तो सैन्याशिवाय कुणी लावायचा नाही, असं तिथं कळलं. आरसी बुकात रंग पांढरा होता, म्हणून पांढराच दिला. काळ्या रानात, उसाच्या चिखलात फिरायला पांढरी जीप! आई म्हणाली, "धुणार कोण, ते बी आरटीओला इचारा." चाकं मडगार्डच्या बाहेर यायला नकोत, म्हणून रुंद टायरचा नाद सोडला. इंजिन मूळचंच ठेवलं, झिजलं होतं तेवढं बोअर करून घेतलं. वरचे जादा दिवे रानात चालतील पण रस्त्यावर झाकलेले हवेत, म्हणून मी त्यांना कॅनव्हासच्या टोप्या शिवल्या. कागदात जे लिहिलंय त्याला हात लावायचा नाही आणि बाकी जे करू ते नेमात बसवायचं, असं आमचं चाललं होतं.

आमची भांडणंही व्हायची. रानात ओढ लागली की जीपचं फोरव्हील आपोआप सुटायचं. आप्पा म्हणत गिअर गेलाय, मी म्हणे गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय. दोघंही हेकट. आप्पा रागानं उठून विहिरीवर जाऊन बसले, तोवर मी गिअरबॉक्स उघडून फोर्कचं माप घेतलं. आप्पा परत आले, माप बघितलं, फोर्क पिशवीत घातला आणि लेथवाल्याकडं गेले. 'तुझं बरोबर' असं म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. त्यांनी पिशवी उचलली, तेवढं मला पुरलं.

ज्या दिवशी ती ओल्या रानातून फसलेली दुधाची गाडी ओढून बाहेर आली, त्या दिवशी आप्पा बांधावर बसून पोरासारखे हसत होते. आई भाकरी घेऊन आली होती. तिच्यासमोर ते मला म्हणाले, "आक्के, पासिंग झालं की ही तुझ्या नावावर करून टाकू. ही तुझी." मी मागितली नव्हती. मनात मात्र कितीतरी दिवसांपासून हेच होतं. लग्नात मला भांडी मिळाली, कपाट मिळालं. शेताचा विषय निघाला तेव्हा बहिणीनं हक्क सोडल्याची सही करायची असते तशी मीही मुकाट केली. ती जमीन माझ्या हातानं झालेली नव्हती, त्यामुळं तिचं फारसं वाईट वाटलं नाही. ही जीप माझ्या हातानं झाली होती, आणि मला ती हवी होती.

पासिंगला आम्ही दोघंच गेलो. जीप जशी होती तशी, टोप्या घातलेले दिवे, पांढरा रंग, मूळची मापं. तपासणारे साहेब खाली वाकले, चासी नंबर बघितला, चाकं आणि मडगार्डच्या मधे हात घालून बघितलं. मग विचारलं, "कुणाच्या गॅरेजला काम केलं?" आप्पा म्हणाले, "घरीच केलं साहेब." घरीच म्हणजे कुणी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नाही. गाडी पास झाली. येताना आम्ही रसवंतीवर रस प्यालो आणि उरलेला रस्ता जीप मी चालवली.

त्यानंतर मी माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स आप्पांना दिली. शिरूरला घराच्या बाजूला भंगार साठलं होतं, ते नवऱ्याला लावून हलवलं. तो म्हणाला, "जीप घरात घ्यायची नाही ना?" म्हटलं, बघू, जागा कमी पडली तर तुम्ही बाहेर झोपा.

मग एक दिवस कंपनीत काम चालू असताना आप्पांचा फोन आला. क्वालिटीवाल्यांना फोन जवळ ठेवायची मुभा आहे. त्या दिवशी एक अख्खी बॅच मी अडवून धरली होती आणि प्रॉडक्शनचा माणूस माझ्या डोक्यावर उभा होता. आप्पा म्हणाले, "आक्के, जीपच्या कामाला बसलोय कॉम्प्युटरवाल्याकडं. फोनवर आकडा आलाय का बघ, तेवढा सांग." मी ओटीपी बघितला, सांगितला. थोड्या वेळानं दुसरा आला, तोही सांगितला. मागून भावाचा आवाज आला, "झालं का?" मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एरवी पान्याला हात न लावणारा भाऊ निदान कागदाच्या कामाला तरी रजा टाकून आला.

आप्पा खोटं काहीच बोलले नव्हते. ते संभाषण मी पुढं मनात इतक्या वेळा तपासलं आहे, एकेक शब्द मापाला लावून. जीपच्या कामाला बसलोय. आकडा सांग. यात खोटं काय आहे? कुणाच्या नावाचं काम, ते मी विचारलं नाही, कारण ते विचारायची गोष्ट आहे असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. बापाला कुणी असं विचारतं का?

संध्याकाळी सुटताना मी पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या खात्यात वाटले. ज्याची बॅच अडवली होती त्यालाही दोन दिले. सगळ्यांना सांगितलं, माझी जीप माझ्या नावावर झाली.

सुट्टीला उरलेले पेढे घेऊन वडगावला गेले तर शेड रिकामं. जमिनीवर ऑइलचे डाग, कोपऱ्यात जॅक. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, गाडी कुठंय?

"दौंडला न्हेलीय," आई म्हणाली. "त्याच्या नावावर झाली न्हवं. घराची वास्तुशांत हाय त्याच्या. दारात गाडी पायजे म्हणला."

मला आधी शब्द कळले आणि अर्थ नंतर कळला. मी म्हटलं, "त्याच्या नावावर? आकडे तर मी सांगितले."

आईनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "तुला आधी सांगितलं असतं तर तू आकडं दिलं असतं व्हय?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आप्पांना, भावाला, आईला, बहुतेक त्या कॉम्प्युटरवाल्यालासुद्धा. ठरवून, बसून, माझ्या वाट्याला तेवढं एकच काम ठेवलं होतं. मला इतका संताप आला की पेढ्यांचा पुडा हातात होता तो मी अंगणात फेकला. कोंबड्या धावल्या. आई म्हणाली, "अन्नावर राग काढू ने." मी म्हटलं, मग कुणावर काढू ते तरी सांग.

आप्पा रानात पाणी धरत होते. मला लांबून येताना बघून त्यांनी खोरं टेकवलं, आणि त्यांच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं की ते या भेटीची तयारी करून बसलेत. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "पोराला दारात दाखवाया काय तरी नगं का? त्याचा सासरा, त्याचं हापिसातलं लोक येणार. आन् तुझ्या दारात लावली असती तर गाव म्हणलं असतं, म्हाताऱ्यानं गाडी जावयाला दिली."

"जावयाला नाही, मला," मी म्हणाले.

"ते एकच की."

"एकच कसं? गाडी त्यांनी बनवली का?"

आप्पांनी पायानं सरीतलं एक ढेकूळ सारलं. मग समजूत घालावी तसं म्हणाले, "नाव त्याचं असलं म्हणून काय झालं, कवा बी ये, कवा बी चालव. तुला कोण अडीवतंय?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पासिंगला एक आणि रस्त्याला एक, असली गाडी तुम्हाला नको होती ना आप्पा? बाप मात्र असला चालतो का?" 

माझ्या आयुष्यात मी आप्पांना असं बोलले नव्हते. त्यांनी खोरं उचललं आणि दुसऱ्या सरीचं तोंड फोडलं. मी वाट बघितली. वाटलं, शिव्या तरी देतील, निदान 'चुकलं' तरी म्हणतील. पाणी सरीच्या शेवटापर्यंत गेलं तसे ते पुढच्या सरीकडं वळले, मग मी स्कूटी काढली आणि निघाले. रस्त्यात डोळ्यांपुढचं दिसेना म्हणून एका वडाखाली थांबून मनसोक्त रडले.

वास्तुशांतीला मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, "नाही गेलीस तर म्हणतील, गाडीवरून भांडली." म्हटलं, मग काय खोटं म्हणतील? पण बहिणीचा मान असतो, कलश घेऊन उंबरठा ओलांडायचा असतो, आणि आईचे निरोपावर निरोप येत होते. शेवटी गेले. माझ्या लेकाला त्याच्या मामाचं नवं घर बघायचं होतं, हेही एक कारण झालं.

जीप दारातच उभी होती. झेंडूची माळ, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. भावानं तिला दौंडला आल्याआल्या नटवलं होतं. चाकं मडगार्डच्या हातभर बाहेर, दिव्यांच्या टोप्या गायब, पुढं म्हशीच्या शिंगांसारखा लोखंडी गार्ड, काचांवर काळी फिल्म. रस्त्यावरच्या पहिल्या पोलिसानं अडवावी अशी. मी कलश घेऊन तिच्या शेजारून गेले आणि माझी नजर आपोआप एकेका चुकीवर थांबत गेली. नोकरीची सवय.  मनाला म्हटलं, आज मानाची बहीण आहेस, मानानं वाग.

पूजा झाली, पोपटी साडी मिळाली, जेवणं झाली. पुरुष मंडळी दारात जीपभोवती जमली होती. भावाचा सासरा, त्याच्या ऑफिसातले दोघंतिघं, मधे आप्पा. वहिनीनं माझ्या हातात चहाचा ट्रे दिला, "आक्का, तेवढा बाहेर न्हेता का?" मी नेला.

आप्पा रंगात आले होते. चासीला मागच्या बाजूला तडा गेला होता, त्याची गोष्ट सांगत होते. तडा कसा सापडला, नंबराच्या जागेला धक्का न लावता आतून पट्टी कशी बसवली, वेल्डिंगच्या उष्णतेनं चासी वाकू नये म्हणून थोडं थोडं करत टाके कसे मारले. एक शब्द चुकीचा नव्हता. फक्त तो तडा मला सापडला होता, गाडीखाली उताणी झोपून टाके मी मारले होते आणि आप्पा तेव्हा वरून बॅटरीचा उजेड धरून बसले होते, कारण उताणं झोपलं की त्यांना चक्कर येते. माझ्या मनगटावर त्या ठिणग्यांचे डाग अजून आहेत. आप्पा सांगत होते, "मग आमी दोघा बापलेकांनी असं केलं..." आणि भाऊ शेजारी उभा राहून मान हलवत होता.

मी ट्रे पुढं केला. ऑफिसातल्या एका गृहस्थांनी कप उचलला. सभ्य माणूस होता, मला नुसतं चहा देऊन पाठवायचं त्यांना बरं वाटलं नसावं. हसून म्हणाले, "काय ताई, तुम्ही बसलाय का कधी हिच्यात?"

 मी आप्पांकडं बघितलं. गाडी गेली होती, तिचं काही होणार नव्हतं, तेही मी गिळलं असतं. या एका प्रश्नाचं उत्तर आप्पांनी द्यावं, एवढंच मला हवं होतं. चार शब्द पुरले असते. त्यांनाही ते कळलं, कारण ते क्षणभर थांबले. भावाकडं बघितलं, त्याच्या सासऱ्याकडं बघितलं.

"बसलीय की," आप्पा म्हणाले. "लई येळा बसलीय."

"नुसती बसले नाही," मी म्हणाले. "ही मी बनवलीय."

 गृहस्थांचा कप हातातच राहिला. मग भाऊ मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आमची आक्का म्हंजी लई चेष्टेखोर हाय!" तसे सगळेच सुटल्यासारखे हसायला लागले. सासरा हसला, ते सभ्य गृहस्थही हसले.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पाही हसत होते.